शेकड्यावरचे दोन

सौदी अरेबियात नदी नाही. एकही नाही. पाऊस पडला तर दोन दिवस वाहणाऱ्या कोरड्या घळी आहेत, बाकी जे काही पाणी आहे ते समुद्राचं. हे आधीच सांगतो, कारण त्या देशात मी चार वर्षं जे काम केलं, ते नदीत मासे परत कसे आणावेत हे सांगणाऱ्या एका फाईलप्रमाणे चालायचं.

फाईल दोनशे चौदा पानांची होती. कुठल्याशा थंड देशात सॅमन माशासाठी ती लिहिली गेली होती. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत येतो. नदीतले सॅमन संपले की माणसांनी पिल्लं वाढवायची, खूण करून नदीत सोडायची आणि किती परत आले ते मोजायचं. आमच्या कंपनीचा कारखाना यान्बूजवळ होता. त्याच्या गरम पाण्यामुळे शेजारच्या खाडीतले हामूर कमी झाले अशी तक्रार होती. हामूर म्हणजे आपल्याकडचा गोबरा. तो जन्मभर खडकाच्या आडोशाला बसून असतो. नदी त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नाही. पण कंपनीला मासे सोडायचे होते आणि फाईल तयार मिळत होती. कोणीतरी संगणकावर 'सॅमन' काढून 'हामूर' घातलं आणि 'नदी' काढून 'खाडी' घातलं. बाकीचं तसंच राहिलं. पान एकतीसवर लिहिलं होतं की बर्फ वितळू लागल्यावर हामूर खाडीत सोडावेत. पान ब्याऐंशीवर हामूर धबधबा चढत होते.

मी त्याआधी रियाधला अल सुलै भागातल्या कंपनीच्या एका गोदामात सहा वर्षं व्हॉल्व्ह मोजत होतो. सहा वर्षांत माझ्या मोजणीत फरक निघाला नाही. तेवढ्या गुणावर मला बदलून यान्बूला, मासे वाढवण्याच्या केंद्रावर आणलं. मला मासे खाता येतात, त्यापलीकडे मत्स्यशास्त्राची माहिती नव्हती. पण बायको-मुलीला बरोबर ठेवण्याची परवानगी मिळत होती, म्हणून मी हो म्हणालो. मुलगी तेव्हा नववीत होती. मी कौतुकाने सांगितलं की बाबा आता वीस हजार पिल्लांचे पालक होणार, तर ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "ओके, जस्ट डोन्ट ब्रिंग देम होम."

केंद्रावर आम्ही सात जण होतो. सौदी व्यवस्थापक, त्यांना सगळे मुदीर म्हणत. थंड देशातून आलेला सल्लागार, म्हणजे फाईलचा जिवंत भाग. मी. आणि टाक्यांवर काम करणारे चौघे, त्यांचा मुकादम म्हणजे चाचा.

चाचा दाभोळच्या खाडीकाठचे. वय छप्पन्न, म्हणजे इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, छप्पन्न; खरं त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिशीत त्यांची स्वतःची होडी होती. मग खाडीतली मासळी कमी होत गेली, जाळं रिकामं यायला लागलं आणि चाचा होडी विकून इकडे आले. मी रत्नागिरीकडचा म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी "गाववाले" करून टाकलं. दोन्ही गावांमध्ये एसटीने अर्धा दिवस जातो, पण तांबड्या समुद्राच्या काठावर बसून पाहिलं की ते अंतर दिसत नाही.

"गाववाले, हे बरं हाय," ते पहिल्या आठवड्यात म्हणाले. "आमच्या खाडीत मासा नाय म्हणून मी इथं आलो, आणि इथं मी खाडीत मासा सोडतोय. दाभोळला कोण सोडणार, सांगा?"

"तिकडे फाईल नाही, चाचा."

"धाडून द्या एक."

फाईलप्रमाणे पहिली अडचण खुणेची आली. पिल्लाच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मऊ पंख असतो, तो कापावा म्हणजे पुढे मासा ओळखता येतो, असं लिहिलं होतं. सॅमनला तो असतो. हामूरला नसतो. चाचांनी तीन पिल्लं उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने त्याच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, की कृपया सूचनेप्रमाणे करावे. शेवटी चाचांनी पोटाखालचा डावा पंख कापायचं ठरवलं. "शेळीचा कान कापतात तसं," ते म्हणाले. सल्लागाराने ते इंग्रजीत जरा भारदस्त करून लिहिलं.

मग मोजणी. बोटभर पिल्लं छोट्या टाक्यांत चाचांच्या ताब्यात होती. ती मोजून, पंख कापून, मोठ्या टाक्यांत माझ्या ताब्यात यायची. रोज दोन हजार, दहा दिवस. चाचा ओल्या हाताने पिल्लू उचलत, कात्री लावत, मोठ्या टाकीत टाकत आणि मोठ्याने मोजत: "बरकत, दोन, तीन, चार..." आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, त्यांच्यात बरकत म्हणतात. शंभर झाले की चाचा "शेकडा!" म्हणून ओरडत आणि मी वहीत एक रेघ मारत असे. दोनशे रेघा, वीस हजार मासे. वहीवर दहाही दिवसांच्या माझ्या सह्या आहेत.

पुढचे तीन महिने चाचा रोज सकाळी जाळीने मेलेली पिल्लं काढून बादलीत आणून दाखवत. हामूर भावंडांना खातो, म्हणून दर आठवड्याला लहानमोठे वेगळे करावे लागत. तरी काही जण जेवून घेतच. अर्धवट खाल्लेलं पिल्लूही मी पाहून मगच एक धरत असे. बादलीतले मासे वाळूत पुरायचे आणि आकडा वहीत. तीन महिन्यांत सहाशे अकरा. म्हणजे शिल्लक एकोणीस हजार तीनशे एकोणनव्वद.

मासे सोडण्याचा दिवस ठरला, मंगळवार. पाहुणे येणार होते, तंबू ठोकला होता. त्याआधीच्या बुधवारी सल्लागाराने त्याच्या देशातून आणलेलं मोजणी यंत्र लावलं. नळीतून मासा गेला की आतला उजेड क्षणभर तुटतो आणि आकडा एकाने पुढे जातो. दिवसभर मासे एका टाकीतून दुसरीत पाठवले. संध्याकाळी यंत्रावर आकडा होता एकोणीस हजार सातशे शहाऐंशी.

तीनशे सत्त्याण्णव मासे जास्त.

कमी निघाले असते तर कोणी विचारलं नसतं. मासे कमी होतात, ती त्यांची रीत आहे. बोटभर पिल्लं अंडीही घालत नाहीत. सल्लागार प्रामाणिक माणूस होता आणि प्रामाणिक माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं.

"मेलेल्यांची नोंद खोटी आहे," तो मुदीरांसमोर म्हणाला. "तीनशे सत्त्याण्णव जिवंत मासे कागदावर मारून ठेवलेत. कागदावर मेलेला मासा उद्या टाकीतून बाजारात गेला तरी कोणाला कळणार नाही."

"मी प्रत्येक मेलेला मासा पाहिलाय," मी म्हणालो.

"तुम्हाला दाखवला तो पाहिलात. तोच मासा दोनदा दाखवला असेल. तुमच्यावर माझा संशय नाही." हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. माझ्या चोख कीर्तीचा एवढाच उपयोग झाला, की चाचा एकटे चोर ठरले.

मुदीरांनी वही मिटली. मग म्हणाले, "शनिवारपर्यंत कारण सांगा. नाही सांगता आलं तर मुकादमाला एक्झिट. मंगळवारी पाहुण्यांना मी कुठला आकडा सांगू?"

चोरीच्या ठपक्यावर एक्झिट म्हणजे पासपोर्टवर शेवटचा शिक्का. छप्पन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा व्हिसा कोण देणार? आणि दाभोळला जाऊन करायचं काय, होडी नाही आणि खाडीत मासळी नाही. चाचांना मीच जाऊन सांगितलं. ते बादली धूत होते. धुऊन झाल्यावर पालथी घातली.

"चोरी करायची तर मासे कमी निघायला पाहिजेत ना गाववाले? वाढतात कसे?"

"तेच तर."

"मग मी चोर कसला? मी तर उलटा चोर झालो."

गुरुवार-शुक्रवार सुट्टी. गुरुवारी मी वही घरी आणून बेरीज केली. सात वेळा केली. दुर्दैवाने सातही वेळा बरोबर आली. माझी चूक निघावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच धडपडत होतो आणि ती मिळत नव्हती.

शुक्रवारी नमाजानंतर मी चाचांच्या कॅम्पवर गेलो. धीर द्यायला गेलो होतो, पण जवळ धीर नव्हता, म्हणून नुसताच बसलो. त्यांच्या खोलीत लिंबांचं पोतं होतं, कोणीतरी बागेतून आणून दिलेलं.

"वैनींना लोणच्याला शंभर न्या," ते म्हणाले.

"राहू द्या चाचा, आत्ता लोणचं काय."

"मी गेल्यावर कोण देणार? न्या." त्यांनी मोजून पिशवीत भरली. बरकत, दोन, तीन. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

घरी बायकोने लिंबं परातीत ओतली. ती लोणच्याचं मीठ लिंबांच्या संख्येवर ठरवते, अंदाजावर नाही. आमचं लग्न टिकण्याचं ते एक कारण आहे.

"अहो, शंभर म्हणालात ना?"

"शंभर."

"एकशे दोन आहेत."

"मग वरची दोन असतील," मी म्हणालो. "शेकड्याला दोन वर टाकतातच की."

"ते माहितेय मला. माझे वडील आंबे द्यायचे तेव्हा पाच टाकायचे. मीठ एकशे दोनाचं घालू ना?"

मी वही ओढली. वीस हजाराचे शेकडे दोनशे. दोनशे दुणे चारशे. वीस हजार चारशे वजा सहाशे अकरा, एकोणीस हजार सातशे एकोणनव्वद. यंत्र सांगत होतं एकोणीस हजार सातशे शहाऐंशी. तीनाचा फरक. गोदामात तीन व्हॉल्व्हचा फरक मी सहन केला नसता, पण त्या दुपारी तीन या आकड्याइतका सुंदर आकडा मी पाहिला नव्हता.

त्याहून वाईट गोष्ट नंतर आठवली. ते वरचे दोन टाकताना मी पाहिलं होतं. दहा दिवस, दिवसाला वीस वेळा. चाचा "शेकडा!" म्हणत, मी रेघ मारत असे, आणि ते मुकाट्याने आणखी दोन पिल्लांना कात्री लावून टाकीत सोडत. मला त्यात काही दिसलंच नाही. नारळ घेताना, लिंबं घेताना मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो. एखाद्या पंजाब्याने किंवा केरळच्या माणसाने वही धरली असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. कंपनीने सावधगिरी म्हणून कोकणातल्याच माणसाला कोकणातल्या माणसावर नेमलं होतं.

शनिवारी सकाळी मी मुदीर आणि सल्लागारासमोर कागद ठेवला आणि सांगितलं, की चूक माझी आहे. रेघ शंभराची मारली, मासे एकशे दोन होते.

सल्लागाराने कागद दोनदा वाचला. "कोणी एकशे दोनला शंभर का म्हणेल?"

चाचांना बोलावलं. मुदीरांनी विचारलं तसं ते अरबीत सांगू लागले. वीस वर्षांत त्यांची अरबी माझ्या इंग्रजीपेक्षा बरी झाली होती. "शंभरात एकदोन मरतात. घेणाऱ्याच्या हातात शंभर पोचले पाहिजेत. म्हणून वर दोन."

"मग करून दाखव," सल्लागार म्हणाला. "पाचशे मोज. नेहमीसारखे. पुढे यंत्र लावतो."

आम्ही टाकीवर गेलो. चाचांनी बाह्या वर केल्या, मनात काहीतरी म्हणून घेतलं आणि मोजू लागले. प्रत्येक पिल्लू डोळ्यांसमोर धरून, सावकाश. पाचवा शेकडा झाला तेव्हा माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. यंत्रावर आकडा आला पाचशे.

सल्लागाराने आकडा लिहून घेतला. त्याला आनंद झाला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

"चाचा!" मी मराठीत ओरडलो. "वरचे दोन कुठायत?"

"अहो साहेब बघतायत ना!" ते खालच्या आवाजात म्हणाले. "परीक्षा चाललीय, आणि वर कसे टाकू? मोजणी चोख पाहिजे."

"चाचा, त्या दोनांवर तुमची नोकरी आहे."

"मग आधी बोलायचं होतं. आता टाकू?"

"आता नको!"

मुदीर इतका वेळ टाकीच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती, पण आमचे चेहरे त्यांना येत असावेत. त्यांनी सल्लागाराला चहाला पाठवलं. मग रिकाम्या टाकीकडे बोट करून, सहज, घरच्यासारखं चाचांना म्हणाले, "मला त्या टाकीत पाचशे हामूर दे. मी घेतोय. यल्ला."

चाचांनी या वेळी मासे डोळ्यांसमोर धरले नाहीत. त्यांचा हात नेहमीच्या चालीने चालू लागला. बरकत, दोन, तीन. शेकडा, आणि वर दोन. शेकडा, आणि वर दोन. मुदीर माझ्याकडे पाहत होते. मी आकाशाकडे पाहत होतो. सल्लागार परतल्यावर यंत्र चालवलं. पाचशे दहा.

"माझे आजोबा मदिन्याला खजूर मापायचे," मुदीर त्याला म्हणाले. "माप भरलं की वर एक मूठ. मापायला सांगितलं तर माप भरायचे. द्यायला सांगितलं तर मूठ टाकायचे. हा माणूस त्या दहा दिवसांत मोजत नव्हता. ह्याला देत होता." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खलास."

सल्लागाराने यंत्र बंद केलं. मग त्याने चाचांशी हात मिळवला. चाचांचा हात ओला होता, त्याने तो पुसला नाही. फक्त एक अडचण त्याने सांगितली: अहवालात याला कुठला रकाना? मुदीर म्हणाले, बरका लिही. त्याने 'मोजणीतील तफावत, दोन टक्के' असं लिहिलं. उरलेल्या तिनांबद्दल त्याने विचारलं नाही, मी मात्र चाचांना विचारलं.

"भावांनी खाल्ले असतील. हाडासकट," ते म्हणाले.

मंगळवारी तंबूत भाषणं झाली आणि एकोणीस हजार सातशे शहाऐंशी हामूर खाडीत सोडले. बर्फ काही वितळला नाही, उन्हात धातूच्या खुर्च्यांवर बसवत नव्हतं. पाहुणे गेल्यावर चाचांनी सवयीने बादली वाजवली, तशी निम्मी पिल्लं धक्क्याखाली परत आली आणि तोंडं वर करून थांबली. फाईलप्रमाणे ती परत यायला काही वर्षं लागणार होती. वर्षभराने सल्लागाराने खाडीच्या तोंडाशी पिंजरे लावले. त्यात एक्केचाळीस हामूर मिळाले, सगळ्यांचे दोन्ही पंख शाबूत. कापलेला पंख पुन्हा वाढतो, हे फाईलमध्ये नव्हतं. फाईलमधला पंख वाढत नाही. 'परत आलेले: शून्य' असं लिहून अहवाल गेला. तो कोणी वाचला नसावा, कारण पुढच्या वर्षीचा कार्यक्रम मंजूर झाला.

चाचा आणखी तीन वर्षं राहिले. दर वर्षी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक दोन लिहीत गेलो. मग एका उन्हाळ्यात ते स्वतःच्या मर्जीने, साध्या शिक्क्यावर, घरी गेले. जायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर भेटले.

"गाववाले, एकूण किती सोडले आपण?"

मी तयारच होतो. "एकोणऐंशी हजार दोनशे चौदा."

"आणि वरचे?"

"ते धरूनच सांगितलं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या हिशेबाची लाज वाटली.

"वरचे धरायचे नसतात, गाववाले," ते म्हणाले. मग त्यांनी बादली वाजवली, आणि खाली पाण्यात तोंडं वर आली.